कार्डावर सही करण्यापूर्वी

वाचक लिहितात: "मी न्यू जर्सीतील एका मॉलमध्ये, एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या दुकानात तीन वर्षांपासून विक्रीचे काम करते. माझे यजमान एच-१बी व्हिसावर आहेत आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाच्या परवान्यानिशी. आमच्या दुकानात युनियन स्थापन करण्याच्या हालचाली सुरू आहेत. एका सहकाऱ्याने सहीसाठी दिलेले युनियनच्या पाठिंब्याचे कार्ड आठवडाभर माझ्या पर्समध्ये पडून आहे. आमचे वेळापत्रक ऐनवेळी बदलते, नव्याने लागलेल्यांचा तासाचा दर आम्हा जुन्यांच्या जवळपास येऊन पोहोचला आहे आणि याबद्दल कोणाकडे बोलावे हे कळत नाही, म्हणून सही करावीशी वाटते. यजमान म्हणतात, ग्रीन कार्डाचे काम होईपर्यंत कशातही पडू नकोस. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. ब्याऐंशीच्या संपात त्यांची नोकरी गेली आणि आईने डबे करून आम्हाला वाढवले. फोनवर त्यांना विचारले, तर ते एवढेच म्हणाले, 'युनियनचं नाव काढू नकोस.' परवा मॅनेजरने मला एकटीला बोलावून, 'या सगळ्याबद्दल तुझं काय मत आहे?' असे विचारले. मी गप्प राहिले. मी काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुंबईच्या औद्योगिक न्यायालयात कामगारांची बाजू मांडण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि संपानंतरची गिरणगावातली घरे मी आतून पाहिली आहेत. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या त्या एका वाक्यामागे काय आहे, हे तुम्ही लिहिले नसते तरी मला समजले असते. उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो, कारण मॅनेजरसमोर तुम्ही गप्प राहिलात, त्यात मला तुमच्या वडिलांचा आवाजही ऐकू येतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पगारवाढीची आणि बोनसची मागणी सर्वांच्या लक्षात राहिली, पण एक मागणी हळूहळू विस्मरणात गेली आणि तुमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे नाते तिचेच आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ याच्या आधारे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच गिरणी कामगारांची एकमेव प्रातिनिधिक संघटना ठरली होती. कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे असतानाही, मालकांशी वाटाघाटी करण्याचा कायदेशीर अधिकार त्या संघाकडेच राहिला. आमच्या वतीने कोणी बोलावे हे आम्हाला ठरवू द्या आणि हा कायदा रद्द करा, असे कामगार म्हणत होते. गुप्त मतदान घेऊन प्रतिनिधी बदलण्याची सोय असती, तर या एका मागणीसाठी तरी कोणाला गिरणी सोडून रस्त्यावर यावे लागले नसते. पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, मालकांनी कापड भिवंडीच्या आणि इतर ठिकाणच्या यंत्रमागांवर विणून घेतले, जुन्या यंत्रांपेक्षा त्यांच्या खालच्या जमिनीला अधिक मोल येत गेले आणि हजारो कुटुंबे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली.

हे सारे मी अशासाठी लिहिले की, तुमच्या वडिलांनी जे गमावले ते आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा मार्ग बंद असल्यामुळे गमावले, असे माझे प्रामाणिक मत आहे. तुमच्या पर्समध्ये जे कार्ड आहे, ते नेमके त्या मार्गाचे पहिले पाऊल आहे. वडिलांशी पुन्हा बोलाल तेव्हा 'मी युनियनमध्ये जाऊ का' असे विचारू नका. 'आमच्याकडे गुप्त मतदान घेऊन युनियन निवडता येते, तुमच्या वेळी तसे असते तर तुम्ही काय केले असते' असे विचारा. त्यांचे उत्तर कदाचित तेच राहील, पण ते विचारपूर्वक दिलेले असेल.

आता अमेरिकेतला कायदा काय सांगतो ते पाहू. १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने खासगी क्षेत्रातील कामगारांना एकत्र येण्याचा, संघटना निवडण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क दिला. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या मंडळाला तुमच्याकडे सारे एनएलआरबी म्हणतात. एखाद्या दुकानातील किमान ३० टक्के कर्मचाऱ्यांनी कार्डावर सही केली, तर हे मंडळ त्या दुकानात गुप्त मतदान घेऊ शकते. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते युनियनच्या बाजूने पडली, तर कंपनीवर तिच्याशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचे बंधन येते. मॅनेजर या मतदारांत मोडत नाहीत. तुम्ही अमेरिकेच्या नागरिक नाही याने काहीही फरक पडत नाही, कारण हे मत नागरिकाचे नसून कर्मचाऱ्याचे असते. सही केलेली कार्डे मंडळाकडे जातात आणि मंडळ ती कंपनीला दाखवत नाही. मात्र कार्डावरचा मजकूर सही करण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचा. बहुतेक कार्डांवर 'अमुक संघटनेने माझे प्रतिनिधित्व करावे' असे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणजे 'फक्त मतदान व्हावे' यापेक्षा तुम्ही थोडे अधिक म्हणत असता. मतदानाच्या दिवशी तुम्ही तरीही 'नाही' म्हणू शकता, पण सही करताना आपण काय म्हणतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

संप हा यात कुठेच आपोआप येत नाही. तो करायचा तर बहुतेक संघटनांच्या नियमांनुसार त्यासाठी सभासदांचे स्वतंत्र मतदान व्हावे लागते. त्यातला धोका मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. पगारासारख्या आर्थिक मागणीसाठी संप केला, तर कंपनी संपकऱ्यांच्या जागी कायमस्वरूपी माणसे नेमू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्येच म्हटले आहे. कंपनीच्या बेकायदा वागणुकीविरुद्ध केलेल्या संपाला यापेक्षा अधिक संरक्षण मिळते. कोणी तुम्हाला सांगत असेल की संप केला तर काहीच बिघडत नाही, तर त्याचे ऐकू नका. पण सही केली की संप होतोच, असे म्हणणाऱ्याचेही ऐकू नका.

तुमच्यासारख्याच दुकानांत काय घडले, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण निर्णय घेताना कायद्याच्या कलमांपेक्षा याचा उपयोग अधिक होईल. मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळच्या टाउसन येथील ॲपलच्या दुकानात १८ जून २०२२ रोजी मतमोजणी झाली. सुमारे ११० जणांना मताचा अधिकार होता. त्यांपैकी ६५ जणांनी युनियनच्या बाजूने आणि ३३ जणांनी विरोधात मत दिले. अमेरिकेत युनियन निवडणारे ॲपलचे ते पहिले दुकान ठरले. त्यांनी निवडलेली 'मशिनिस्ट्स' ही संघटना १८८८ मध्ये रेल्वेच्या कारखान्यात यंत्रांवर काम करणाऱ्यांनी सुरू केली होती. फोन विकणारी आणि दुरुस्त करणारी मुले शंभराहून अधिक वर्षे जुन्या लोहार-फिटरांच्या संघटनेत गेली, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. मला त्यात नवल वाटले नाही, कारण वाटाघाटी करण्याचे कौशल्य हे धंद्यावर अवलंबून नसते आणि जुन्या संघटनांकडे वकील, लेखापाल आणि धीर हे तिन्ही असतात.

धीराचे मी मुद्दाम लिहिले. मतदान जून २०२२ मध्ये झाले आणि पहिला करार ठरला तो जुलै २०२४ च्या अखेरीस, म्हणजे दोन वर्षांनंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यात टाउसनच्या कर्मचाऱ्यांनी संपाला मंजुरी देणारे मतदान केले होते, पण प्रत्यक्ष संपाची वेळ आली नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांनी करार मंजूर केला. तीन वर्षांच्या त्या करारात सरासरी १० टक्के पगारवाढ होती. त्याखेरीज वेळापत्रकाबाबतच्या तरतुदी होत्या, कंत्राटी माणसे किती घ्यावीत यावर मर्यादा होती आणि नोकरी गेल्यास द्यायच्या भरपाईचा उल्लेख होता. ओक्लाहोमा सिटीतील दुकानाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ५६ विरुद्ध ३२ मतांनी 'कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका' ही संघटना निवडली. त्यांचा करारही २०२४ मध्येच झाला.

मधल्या काळातली एक गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवी. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने इतर दुकानांतल्या कर्मचाऱ्यांसाठी शिक्षण आणि आरोग्याच्या काही नव्या सवलती आणल्या, पण त्या टाउसनला लागू केल्या नाहीत. तुमच्या सवलती आता वाटाघाटींतून ठरतील, असे कारण दिले गेले. युनियन निवडल्यावर कंपनीला पगार आणि अटी एकतर्फी बदलता येत नाहीत, हा कायदा कामगाराच्या संरक्षणासाठी आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, शेजारच्या दुकानात जे सहज मिळते ते तुमच्याकडे टेबलावर बसून मिळवावे लागते. त्या महिन्यांत दुकानातले वातावरण कसे होत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. ज्यांनी विरोधात मत दिले ते 'आम्ही सांगितले होते' म्हणतात, ज्यांनी बाजूने दिले ते एकमेकांची तोंडे पाहतात, आणि किरकोळ विक्रीच्या नोकरीत माणसे टिकत नसल्यामुळे ज्यांनी उत्साहाने कार्डे गोळा केली त्यांच्यातलेच काही जण करार होण्याआधी नोकरी सोडून गेलेले असतात. पहिला करार लांबत जातो तेव्हा युनियनचे सर्वांत मोठे नुकसान या गळतीने होते, असे माझे मत आहे.

सगळीकडे यश मिळालेले नाही. अटलांटातील एका ॲपल दुकानात तर टाउसनच्याही आधी मतदान होणार होते, पण मे २०२२ मध्ये संघटनेने धाकदपटशाचा आरोप करत अर्ज मागे घेतला. तुमच्या राज्यातच, शॉर्ट हिल्सच्या मॉलमधल्या ॲपलच्या दुकानात, मे २०२४ मध्ये मतदान झाले आणि युनियनच्या बाजूने ४१ तर विरोधात ५७ मते पडली. मतदानात हार झाली की त्या ठिकाणी पुढचे बारा महिने दुसरे मतदान होऊ शकत नाही. मतदान कधी मागावे हा प्रश्न म्हणूनच फार महत्त्वाचा आहे, आणि ३० टक्के सह्या झाल्या म्हणून लगेच अर्ज करा म्हणणारी समिती अनुभवी नाही असे समजावे. मतदानाच्या आधीच्या आठवड्यांत कंपनी आपली बाजू मांडते, शंका पेरल्या जातात आणि सह्यांपैकी काही मते गळतात. जाणती संघटना निम्म्याहून बऱ्याच अधिक, साधारण दोन तृतीयांश सह्या हाती आल्याशिवाय मंडळाचे दार ठोठावत नाही.

दरांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. २०२२ च्या मे महिन्यात, दुकानांतल्या हालचाली ऐन रंगात असताना, ॲपलने अमेरिकेतील सुरुवातीचा दर तासाला २२ डॉलरपर्यंत नेला. युनियन नसतानाही तिच्या नुसत्या चाहुलीने दर वाढू शकतो, हे त्यातून दिसते. पण सुरुवातीचा दर वाढवला आणि जुन्यांचा त्या प्रमाणात वाढला नाही, की जी चार-पाच वर्षे त्या दुकानात राबली ती माणसे नव्यांच्या रांगेत येऊन उभी राहतात. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. कंपनी एकतर्फी दर ठरवत असेल तोवर या तक्रारीला उत्तर मिळणे कठीण असते. नोकरीची वर्षे आणि दर यांचे नाते करारात लिहून घेणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो एकट्याने मागून मिळत नाही.

मॅनेजरच्या प्रश्नाकडे वळतो. मॅनेजरने धमकी देऊ नये, युनियनबद्दल दरडावून चौकशी करू नये, युनियन नाकारल्यास काही देण्याचे आमिष दाखवू नये आणि कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवू नये, असे कायदा सांगतो. पण 'तुझं काय मत आहे' एवढाच प्रश्न प्रत्येक वेळी बेकायदा ठरेलच, असे मी तुम्हाला सांगणार नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील ॲपलच्या दुकानातले प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२२ मध्ये तिथे एका कर्मचाऱ्याकडे युनियनबद्दल विचारणा झाली आणि विश्रांतीच्या खोलीतली युनियनची पत्रके उचलली गेली, अशी तक्रार होती. मंडळाने २०२४ मध्ये कंपनीला दोषी ठरवले. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रश्न कोणी विचारला, कुठे विचारला, कोणत्या सुरात विचारला, आधी काय घडले होते, हे सारे पाहिले जाते आणि त्यावर दोन न्यायपीठांची मते निराळी होऊ शकतात. त्यात भर म्हणजे सदस्य हटवले गेल्यामुळे २०२५ मधला बराच काळ या मंडळाकडे निर्णयासाठी लागणारी गणपूर्तीच नव्हती. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो संथ आहे. त्याच्या भरवशावर एखादे धाडस करण्यापेक्षा, त्याचा उपयोग करावा लागू नये असे वागणे शहाणपणाचे ठरेल.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की पुन्हा कोणी विचारले तर गप्प राहू नका आणि वादही घालू नका. "या विषयावर मला कामाच्या ठिकाणी बोलायचे नाही" एवढे शांतपणे सांगा. खोटे बोलण्याची गरज नाही आणि खरे सांगण्याचे बंधनही नाही. त्याच दिवशी घरी आल्यावर तारीख, वेळ, खोलीत कोण होते आणि नेमके कोणते शब्द वापरले गेले हे एका वहीत लिहून ठेवा. परवाच्या भेटीचेही आजच लिहा. तक्रार करायची झाली तर घटनेपासून सहा महिन्यांच्या आत मंडळाकडे करावी लागते आणि त्या वेळी स्मरणापेक्षा वहीला अधिक किंमत असते. कंपनीने सर्वांना सभेला बोलावले तर जा, ऐका आणि टिपून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या प्रकरणात मंडळाने अशा सक्तीच्या सभा बेकायदा ठरवल्या होत्या, परंतु मंडळाचे सदस्य बदलले की असे निर्णय फिरतात, तेव्हा सभेतून उठून जाण्याचा प्रयोग तुम्ही करू नये. सहकाऱ्यांशी पगाराबद्दल आणि युनियनबद्दल बोलणे हा तुमचा हक्क आहे. तो सुट्टीच्या वेळेत, विश्रांतीच्या खोलीत किंवा दुकानाबाहेर वापरा. कंपनीने दिलेला फोन, कंपनीचा ईमेल, कंपनीचे संदेशवहनाचे ॲप यांवर या विषयाचा एक शब्दही नको.

आणखी एक, जे वकील सहसा सांगत नाहीत. या काळात तुमची हजेरी, वेळ आणि ग्राहकांशी वागणे यांत बोट ठेवायला जागा राहू देऊ नका. अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्यांत मालक कारण न देताही नोकरीवरून काढू शकतो. युनियनच्या कामासाठी काढणे बेकायदा आहे, पण काढताना तसे कोणी लिहून देत नाही, उशिरा आल्याचे कारण लिहिले जाते. पुढे जेव्हा करार होईल, तेव्हा 'योग्य कारणाशिवाय काढता येणार नाही' हे कलम त्यात असावे यासाठी आग्रह धरा. मला विचाराल तर पहिल्या करारात पगारवाढीपेक्षाही या कलमाचे मोल अधिक आहे.

यजमानांच्या काळजीबद्दल मी आदराने लिहितो, कारण ती आळसातून किंवा भित्रेपणातून आलेली नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या भारतीय कुटुंबांना प्रत्येक सही जपून करण्याची सवय लागलेली असते. पण इथे वस्तुस्थिती नीट पाहावी. त्यांचा एच-१बी त्यांच्या नोकरीवर उभा आहे. तुमचा एच-४ त्यांच्या एच-१बीवर उभा आहे, तुमच्या दुकानातल्या नोकरीवर नाही. उद्या तुमची ही नोकरी गेली तर घरातला एक पगार जाईल आणि ते नुकसान मी लहान समजत नाही, पण त्यामुळे तुमचे अमेरिकेतले राहणे अडचणीत येत नाही. युनियनच्या कार्डावर सही करणे हे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारण्याचे कारण म्हणून कायद्यात नाही. तुमच्या जागी एखादी एच-१बीवर असलेली व्यक्ती असती, तर मी अधिक सावधपणे लिहिले असते, कारण तिची नोकरी जाणे आणि तिचा दर्जा जाणे यांत थोड्याच दिवसांचे अंतर असते.

तुमच्या बाबतीत खरा कच्चा दुवा वेगळाच आहे, आणि तो म्हणजे कामाच्या परवान्याची मुदत. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुना परवाना संपला आणि नवा हाती आला नसला तर तुम्हाला काम थांबवावे लागेल आणि त्यात कंपनीचा काही दोष नसेल. ज्या दुकानात युनियनची चळवळ चालू आहे, तिथे असा खंड पडल्यावर परत घेण्यास टाळाटाळ झाली, तर ती युनियनमुळे झाली हे सिद्ध करणे फार अवघड जाईल. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. ती तारीख कॅलेंडरवर शोधा आणि पहिल्याच दिवशी अर्ज जाईल असे पाहा. यजमानांना काही करायचेच असेल, तर युनियनपासून तुम्हाला परावृत्त करण्यापेक्षा या कामात त्यांनी मदत करावी असे माझे त्यांना सांगणे आहे. आणि ग्रीन कार्डाचे काम जो वकील पाहतो, त्याच्याशी एकदा फोनवर या सगळ्याची कल्पना देऊन बोला. त्यामुळे घरातला ताण निम्मा कमी होईल.

मग सही करावी का? माझे मत सही करावी असे आहे, पण ज्याने कार्ड दिले त्या सहकाऱ्याशी एकदा निवांत बोलल्यानंतर. दुकानात एकूण किती जण आहेत आणि आजवर किती सह्या झाल्या, हे त्याला विचारा. आकडा सांगायला तो तयार नसेल तर थांबा. सह्या फक्त एका विभागातल्या, एका पाळीतल्या किंवा एकाच मित्रमंडळातल्या आहेत का, हेही विचारा, कारण जिथे दुरुस्तीच्या टेबलावरची माणसे एका बाजूला आणि विक्रीची दुसऱ्या बाजूला अशी फूट असते तिथे मतदान हरण्याची शक्यता मोठी असते. वर्गणी किती आणि कधीपासून, हे संघटनेकडून लेखी घ्या. पहिला करार सभासदांनी मंजूर करेपर्यंत वर्गणी न घेण्याची पद्धत बहुतेक संघटनांत आहे, पण तुमच्या राज्यात करारानंतर सर्वांकडून वर्गणी किंवा शुल्क घेण्याचे कलम करारात घालता येते, तेव्हा हा प्रश्न आत्ताच विचारलेला बरा. आणि वाटाघाटींच्या समितीत दुकानातले कोण बसणार, हे विचारायला विसरू नका. बाहेरून आलेला संघटक कितीही हुशार असला तरी शनिवारच्या पाळीत काय होते, हे त्याला ठाऊक नसते.

या उत्तरांनी तुमचे समाधान झाले, तर आणखी एक गोष्ट तुम्हाला स्वतःला विचारावी लागेल. या दुकानात आणखी दोन वर्षे काढण्याची तुमची तयारी आहे का? टाउसनच्या लोकांना तेवढी वाट पाहावी लागली. तुम्ही सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोधणार असाल, तर सही करण्यात गैर काही नाही, पण मग पुढाकार घेऊ नका. जे मागे राहणार आहेत त्यांच्या हाती पुढाकार असू द्या. तुम्ही राहणार असाल तर मात्र नुसती सही करून बाजूला होऊ नका. तीन वर्षांची नोकरी असलेली, हिशेबात पक्की, सर्व पाळ्यांतल्या लोकांशी बोलणारी बाई समितीला फार उपयोगी असते. तुमच्या पत्रावरून तुम्ही तशा आहात असे मला वाटते. वेळापत्रक किती दिवस आधी लागावे, ते बदलले तर काय द्यावे, सेवेच्या प्रत्येक वर्षाला दरात किती वाढ असावी, या तुमच्या तक्रारी आजच मराठीत का होईना, मागण्यांच्या स्वरूपात लिहून काढा. 'आम्हाला सन्मानाने वागवा' यावर करार होत नाही, 'वेळापत्रक चौदा दिवस आधी लावा' यावर होतो.

सहकाऱ्याला भेटण्यापूर्वी परवान्यावरची तारीख पाहून घ्या आणि परवाच्या भेटीची नोंद वहीत झाली आहे ना, तेही पाहा. त्यांनी दिलेली उत्तरे आणि कार्डावरचा मजकूर मला कळवलात, तर सही करण्याआधी त्यावर पुन्हा एकदा लिहीन.